लसिकावाहिन्या पुन्हा घडल्या : ए-राफ जनुकातल्या एका अक्षराचं प्रकरण

दहाव्या वर्षी त्या मुलाचे पाय सुजायला लागले. सूज उतरेना, वाढतच गेली. पुढे छातीत द्रव साठू लागला, चार पावलं चाललं तरी दम लागू लागला. बाराव्या वर्षाच्या आसपास तो वरून दिलेल्या ऑक्सिजनवर होता. सिरोलिमससारखं लसिकावाहिन्यांच्या अशा आजारात पहिल्यांदा हाताशी घेतलं जाणारं औषध देऊन झालं होतं, त्याला आजाराने दाद दिली नव्हती. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फियाच्या गटाने हे प्रकरण २०१९ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडलं. जनुकीय बाजू हाकोन हाकोनार्सन यांच्या गटाने सांभाळली, तर लसिकावाहिन्यांचं चित्रण आणि उपचार योआव डोरी यांच्या विभागाने.

ते सविस्तर मांडण्यासारखं आहे, कारण इथे औषध अंदाजाने निवडलेलं नाही. चित्रणातून बिघाडाची जागा कळली, जनुकातून कारण कळलं, पेशीत आणि माशात ते कारण खरं ठरलं, आणि मग गोळी मुलाच्या हातात पडली. यातली एक पायरी गाळली असती तर हे औषध सुचायचं काहीच कारण नव्हतं.

रक्ताच्या केशवाहिन्या पूर्ण पाणबंद नसतात. त्यांतून पाणी आणि थोडी प्रथिनं सतत ऊतींत पाझरतात. हा पाझर, म्हणजे लसिका, गोळा करून रक्तात परत नेण्याचं काम लसिकावाहिन्यांचं. आतड्यात पचलेली चरबीही याच वाटेने जाते. पायांकडून आणि पोटाकडून येणारी लसिका कंबरेच्या वरच्या मणक्यांसमोर एकत्र येते आणि तिथून थोरॅसिक डक्ट ही मुख्य वाहिनी वर चढते. मोठ्या माणसात तिची लांबी ३८ ते ४५ सेंटीमीटर, रुंदी जेमतेम काही मिलिमीटर. डाव्या बाजूला मानेची आणि हाताची मोठी शीर जिथे मिळते तिथे ती रक्तात रिकामी होते. दिवसाला दोनेक लिटर द्रव या बारीक नळीतून जातो. आत झडपा असतात आणि भिंत स्वतः आकुंचन पावते, म्हणून गुरुत्वाकर्षणाविरुद्ध प्रवाह वरच जातो.

या मुलाच्या आजाराचं नाव सेंट्रल कंडक्टिंग लिम्फॅटिक अनॉमली, थोडक्यात सीसीएलए. मधल्या मोठ्या वाहिन्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. झडपा मिटत नाहीत आणि लसिका वर जायच्या ऐवजी मागे फिरते. पायाकडे फिरली की सूज, फुप्फुसाकडे फिरली की दम, आतड्याकडे फिरली की शौचावाटे प्रथिनं जातात. एकाच माणसात हे तिन्ही असू शकतं.

आपल्याकडे पाय सुजला की पहिला शब्द तोंडावर येतो तो हत्तीरोग. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात, तो बरोबरही असतो. त्यात चांगल्या वाहिन्यांत बाहेरून आलेला जंत राहतो आणि त्यांचं वाटोळं करतो. सीसीएलएमध्ये जंत नाही, वाहिनी घडतानाच चुकलेली असते. हत्तीरोगाची शंका असेल तर रात्री १० ते २ या वेळात रक्ताचा नमुना घ्यावा किंवा अँटिजेनची पट्टी वापरावी. पट्टीला वेळेचं बंधन नाही. पण लहान मूल, दोन्ही पाय सुजलेले आणि शिवाय छातीत पाणी, असं एकत्र दिसलं की जंतावर थांबू नये.

छातीतून काढलेल्या पाण्यापासून तपास सुरू होतो, आणि पहिली फसगतही तिथेच होते. लसिकेत चरबी असली की पाणी दुधासारखं दिसतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मूल उपाशी असेल किंवा चरबी वर्ज्य केलेल्या आहारावर असेल, तर तेच पाणी पिवळसर आणि नितळ दिसतं आणि ‘साधं पाणी’ असा शेरा पडतो. रंगावर न जाता पाण्यातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, मोजावं. डेसिलिटरमागे ११० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ती लसिका समजायची. ५० ते ११० च्या मधे असेल तर कायलोमायक्रॉनची, म्हणजे आतड्यातून लसिकेत येणाऱ्या चरबीच्या कणांची, तपासणी करून खात्री करायची. त्याच नमुन्यात पांढऱ्या पेशींची वर्गवारी करून घ्यावी. लसिकेत लिम्फोसाइट पेशींचाच भरणा असतो. महिनोन्‌महिने ही गळती चालली की रक्तातली प्रथिनं, प्रतिद्रव्यं आणि लिम्फोसाइट घटतात. त्यामुळे अशा मुलाला साधा त्वचेचा संसर्गही जड जातो.

पाणी लसिकेचं आहे हे कळलं तरी ती कुठून आणि का गळते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लसिकावाहिन्यांचं एमआरआय चित्रण लागतं. पूर्वी पायाच्या पावलावरची केसासारखी वाहिनी शोधून त्यात रंगद्रव्य सोडावं लागे. लहान मुलात ते तासन्‌तासाचं आणि पुष्कळदा फसणारं काम होतं. आता सोनोग्राफीखाली दोन्ही जांघांतल्या लसिकाग्रंथींत २५ गेजची बारीक सुई घालतात आणि एमआरआयवर उठून दिसणारं गॅडोलिनियमचं द्रव्य सलाइनने पातळ करून हळूहळू सोडतात. एकूण मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल. मग लागोपाठ चित्रं घेत ते द्रव्य वर कसं चढतं ते पाहायचं.

इथे कसब सुईच्या टोकात आहे. टोक ग्रंथीच्या आत, मध्यभाग आणि बाहेरची साल जिथे मिळते तिथे हवं. ग्रंथी आरपार छेदली गेली तर द्रव्य आजूबाजूच्या चरबीत पसरतं किंवा शिरेत शिरतं, आणि चित्र रिकामं आलं की ‘वाहिनीच नाही’ असा चुकीचा अर्थ निघतो. सुई बसवल्यावर मुलाला एमआरआयच्या टेबलावर हलवताना ती सरकते, हा दुसरा नेहमीचा घात. म्हणून हलवल्यानंतर सलाइन सोडून ग्रंथी फुगते का हे सोनोग्राफीवर पुन्हा पाहून घ्यायचं. जोरात ढकललं तर ग्रंथी फुटते. नीट जमलं तर काही मिनिटांत द्रव्य थोरॅसिक डक्टपर्यंत पोचायला हवं. सीसीएलएमध्ये ते मधेच पसरतं, फुप्फुसाच्या मुळाशी फांद्या फुटल्यासारखं दिसतं, किंवा पायाच्या कातडीकडे उलटं उतरतं.

असं चित्र पाहिलं की पहिला विचार नळकामाचाच येतो, गळती बुजवा. कॅथेटरने कॉइल आणि डिंक सोडून वाहिनी बंद करता येते, आणि छातीच्या शस्त्रक्रियेत फाटलेल्या डक्टसाठी तो उत्तम उपाय आहे. पण जिथे सगळी व्यवस्थाच फुगलेली आणि उलटी वाहणारी आहे तिथे एक तोंड बंद केलं की दाब दुसरीकडे वाढतो. छातीचं पाणी थांबतं आणि पोट फुगतं, पाय आणखी सुजतात. डक्टच्या वरच्या टोकाला अडथळा असेल तर सूक्ष्म शस्त्रक्रियेने ती शेजारच्या शिरेला जोडता येते, तेही फक्त वाहिनीला स्वतःचा जोर उरला असेल तरच. चरबी कमी करून लसिकेऐवजी थेट रक्तात जाणारं एमसीटी तेल देणं, ऑक्ट्रिओटाइड हे औषध, दाबाचे मोजे, या सगळ्याने लसिकेचं प्रमाण किंवा साठा कमी होतो, वाहिनी मात्र तशीच राहते. ही साधनं टाकाऊ नाहीत. वाहिनीला आतून चुकीचा हुकूम मिळत असेल तर ती पुरी पडत नाहीत, एवढंच.

हुकूम कसला, हे समजायला वाहिन्या घडतात कशा ते पाहावं लागतं. १९०२ साली फ्लॉरेन्स सेबिन यांनी डुकराच्या भ्रूणांत शाई सोडून दाखवलं की लसिकावाहिन्या शिरांनाच फुटलेल्या कळ्यांतून वाढतात. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. १९९९ मध्ये उंदरातून प्रॉक्स-१ हे जनुक काढलं तर लसिकावाहिन्या बनतच नाहीत असं दिसलं आणि सेबिन यांचं म्हणणं पुन्हा उचलून धरलं गेलं. शिरेच्या अस्तरातल्या काही पेशी प्रॉक्स-१ चालू करतात, व्हीईजीएफ-सी या संकेताकडे ओढल्या जाऊन बाहेर पडतात, पिशव्या करतात, फांद्या करतात. पेशीच्या पृष्ठभागावर व्हीईजीएफआर-३ हा ग्राहक तो संकेत पकडतो आणि आत रास, राफ, मेक, ईआरके अशी साखळी चालू होते. एक जण दुसऱ्याला फॉस्फेट लावून जागं करतो. ईआरके जागं झालं की पेशी वाढते, सरकते, फांदी धरते. काम झालं की साखळी बंद व्हायला हवी.

येल विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये उंदरांच्या वाहिन्यांच्या अस्तरात राफ-१ चं कायम चालू राहणारं रूप घातलं, आणि लसिकावाहिन्या फुगून मोठ्या झाल्या. फिलाडेल्फियाच्या मुलाचा दुवा सापडायच्या आधी हा इशारा होता.

मुलाच्या जनुकसंचातला प्रथिनं बनवणारा भाग, म्हणजे एक्सोम, वाचला तेव्हा ए-राफ या राफच्याच घराण्यातल्या जनुकात ६४० व्या जागी टी ऐवजी सी आढळला. त्यामुळे प्रथिनाच्या २१४ व्या जागी सेरिन हे अमिनो आम्ल जाऊन प्रोलिन आलं. त्याच्याशी काहीही नातं नसलेल्या, तसाच गंभीर लसिकेचा आजार असलेल्या दुसऱ्या एका रुग्णातही नेमका हाच बदल होता. एक्सोममध्ये प्रत्येकाचे हजारो बदल निघतात आणि त्यातला दोषी ठरवणं हेच अवघड असतं. दोन अनोळखी रुग्णांत एकाच अक्षराचा तोच बदल निघाला की संशय पक्का होतो.

२१४ ची जागा साधी नव्हे. तिथल्या सेरिनला फॉस्फेट लागलं की फोर्टीन-थ्री-थ्री नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि ए-राफला घडी घालून बंद ठेवतं. कुलूप बसायची कडीच ती. प्रोलिनला फॉस्फेट लागत नाही, म्हणून कडी गेली आणि कुलूप बसायला जागा उरली नाही. राफ-१ मध्ये २५९ वं सेरिन हेच काम करतं, आणि येलच्या उंदरांत तेच मोडलेलं होतं. फुप्फुसाच्या काही कर्करोगांतही ए-राफच्या २१४ व्या जागेचे बदल आधीच सापडलेले होते. आणि ही साखळी रोखणारी औषधं कर्करोगासाठी बनून तयार होती.

तरी जनुकावरून थेट गोळी लिहिणं बरोबर झालं नसतं. आधी माणसाच्या त्वचेतून मिळवलेल्या लसिकावाहिनीच्या अस्तराच्या पेशींत हे बदललेलं ए-राफ घातलं. ईआरके वाढलं, पेशी जास्त फांद्या फुटल्यासारख्या पसरू लागल्या, आणि पेशींना एकमेकींशी शिवून ठेवणारं व्हीई-कॅडहेरिन विस्कटलं. यातली शेवटची गोष्ट गळती समजायला सगळ्यात महत्त्वाची. टोकाच्या लसिकावाहिन्यांत पेशींच्या कडा सदऱ्याच्या बटणांसारख्या ठरावीक अंतरावर जोडलेल्या असतात, मधल्या फटीतून द्रव आत येतो. मोठ्या वाहिन्यांत मात्र त्या चेनसारख्या सलग मिटलेल्या असतात, म्हणजे आत आलेला द्रव बाहेर जाणार नाही. ही शिवणच उसवली तर वाहिनी रुंद असून उपयोग नाही, ती वाटेतच सांडत जाते. ट्रामेटिनिब हे मेक रोखणारं औषध दिल्यावर पेशींतला हा बिघाड उलटला.

मग झेब्राफिश. या माशाची पिल्लं पारदर्शक असतात आणि पाचव्या दिवशी त्यांची थोरॅसिक डक्ट सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसते. वाहिन्या चमकाव्यात म्हणून हिरव्या प्रथिनाचं जनुक घातलेली जात वापरतात, पाणी २८.५ अंशांवर ठेवतात, आणि अंगावर काळे ठिपके येऊन चित्र झाकलं जाऊ नये म्हणून ०.००३ टक्के पीटीयू हे रसायन घालतात. निरोगी पिल्लात पाठीच्या महाधमनीखाली डक्टची सरळ, बारीक रेघ दिसते. बदललेलं ए-राफ लसिकावाहिन्यांत घातलेल्या पिल्लात ती रेघ फुगून पिशवीसारखी झाली. मेक रोखणारं औषध पाण्यात घातल्यावर फुगवटा ओसरला.

या प्रयोगात वेळ चुकली की निष्कर्ष चुकतो. वाहिनी घडायलाही ईआरके लागतंच. औषध फार लवकर घातलं तर डक्ट मुळात बनणारच नाही, आणि न बनलेली वाहिनी ‘फुगलेली नाही’ म्हणून औषध गुणकारी ठरेल. वाहिनी आधी बनू द्यायची, फुगू द्यायची, मग औषध घालायचं आणि शेजारी निरोगी पिल्लांनाही तेच औषध देऊन त्यांची डक्ट शाबूत राहते का हे पाहायचं.

ट्रामेटिनिबला अमेरिकेत मे २०१३ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली होती. लसिकेच्या आजारासाठी नव्हे. बाकी सगळं हरल्यावर, दोष कळला असल्यामुळे आणि पेशी-माशांत औषध उतरलं असल्यामुळे ते या मुलाला देण्यात आलं. पहिल्या दोन महिन्यांत श्वास सुधारला. तीन महिन्यांत ऑक्सिजन कमी करता आला, पुढे तो बंदही झाला. पायांची सूज उतरली, फुप्फुसाच्या चाचण्यांचे आकडे वर आले, रोजचे व्यवहार जवळजवळ पूर्ववत झाले.

पण या प्रकरणाचा गाभा एमआरआयमध्ये आहे. गळती कमी होईल अशी आशा होती. चित्रात त्याच्या पलीकडचं दिसलं. लसिकेच्या वाटा नव्याने घडल्या होत्या. बारा वर्षांच्या मुलाच्या वाहिन्या एकदा चुकल्या म्हणजे कायमच्या चुकल्या, असं गृहीत धरलं जात होतं. चुकीचा हुकूम थांबल्यावर शरीराने घडणीचं काम पुन्हा हाती घेतलं. विकृत वाहिन्या हा दगडावरचा कोरीव दोष नसून रोज नव्याने केली जाणारी चूक असू शकते, आणि ती चूक औषधाने थांबवता येते, हे या एका मुलाने दाखवून दिलं. एकच रुग्ण, तुलनेला कोणी नाही, ही मर्यादा उघड आहे. तरी पुढच्याच वर्षी त्याच रुग्णालयातून नूनन सिंड्रोम हा जन्मजात विकार आणि एसओएस-१ जनुकाचा दोष असलेल्या रुग्णाचा लसिकेचा गंभीर आजार याच औषधाने बरा झाल्याचं प्रसिद्ध झालं. एसओएस-१ हे त्याच साखळीचं वरचं टोक.

गोळीची किंमत शरीर मोजतं, आणि ती आधी सांगितली पाहिजे. मेलानोमात मोठ्यांना दिवसाला २ मिलिग्रॅम देतात. मुलांत मात्रा वजनावरून ठरते आणि लसिकेच्या आजारात बहुधा कमीपासून सुरुवात होते. रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी घ्यायची. गोळ्या २ ते ८ अंशांत, मूळ बाटलीत, आतली ओलावा शोषणारी पुडी न काढता ठेवायच्या. आठवड्याच्या डब्यात वाटून ठेवल्या तर खराब होतात. हृदयाची इकोकार्डिओग्राफी आधी, एका महिन्याने, मग दर दोन-तीन महिन्यांनी. हृदय रक्त फेकण्याचं प्रमाण मूळच्यापेक्षा १० अंकांनी घसरून सामान्याखाली गेलं तर लक्षणं नसली तरी औषध थांबवून पुन्हा तपासायचं. नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. डोळ्यातली शीर बंद झाली असेल तर औषध कायमचं बंद.

तोंडावर मुरुमांसारखं पुरळ आणि नखांच्या कडेला सूज हा सगळ्यात सरसकट त्रास. कर्करोगाच्या रुग्णात नखाची कड सुजणं किरकोळ समजलं जातं. लसिका तुंबलेल्या पायात तीच भेग जंतूंना दार उघडते आणि एका रात्रीत पाय लालभडक होऊन ताप चढतो. म्हणून पाय रोज धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, नखं सरळ कापणं, मलम लावणं, हे गोळीइतकंच गंभीरपणे घ्यायचं.

आणखी एक गोष्ट चकवते. मेलानोमासाठी ट्रामेटिनिब घेणाऱ्यांत सुमारे एक तृतीयांश जणांना सूज आल्याची नोंद औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. ज्या औषधाने या मुलाची सूज उतरली त्यानेच इतरांना सूज येते. साखळी जास्त चालू असलेल्या वाहिनीत ती कमी करणं वेगळं, आणि नीट चालणाऱ्या वाहिनीत ती दाबणं वेगळं. म्हणून ‘पाय बरा वाटतो’ यावर विसंबू नये. घोट्यापासून वर दर चार सेंटीमीटरवर टेपने घेर मोजायचा, दर वेळी त्याच वेळेला, त्याच खुणांवर, आणि आकडे वहीत लिहायचे.

याच कारणाने जनुक न पाहता हे औषध देणं धोक्याचं आहे. लसिकेचे अनेक विकार पीआयके३सीए या दुसऱ्या जनुकाच्या दोषाने होतात. ती साखळी एमटॉर या प्रथिनाकडे जाते आणि तिथे सिरोलिमस उपयोगी पडतं. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात, सुजलेला पाय आणि छातीत पाणी.

दोष सापडला नाही तर अनेकदा चूक नमुन्याची असते. हे बदल पुष्कळदा शरीराच्या काही पेशींतच असतात, रक्तात नसतात. शिरेतल्या रक्ताचा नेहमीचा एक्सोम ‘निर्दोष’ येतो आणि तपास तिथेच थांबतो. बिघडलेल्या भागाचा तुकडा हवा, आणि तो प्रत्येक जागा शेकडो वेळा वाचणाऱ्या चाचणीला द्यायला हवा; शंभरदा वाचणाऱ्या साध्या एक्सोममध्ये पाच टक्क्यांखालचा बदल निसटतो. तुकडा काढणंच धोक्याचं असेल, कारण गळक्या वाहिनीला लावलेला चाकू नवी गळती करतो, तर छातीतून काढलेलं पाणी वापरता येतं. त्यात पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे तरंगत असतात. पण ते पाणी मोजून झालं की बाटलीसकट टाकून दिलं जातं. काढण्याआधीच प्रयोगशाळेला कळवावं, डीएनए टिकवणाऱ्या खास नळ्या मागवून ठेवाव्यात. त्या नसतील तर गुठळी होऊ न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घेऊन दोन-चार तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करावं, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवावं, वरचा नितळ भाग वेगळा करून उणे ८० अंशांवर ठेवावा. खाली बसलेल्या पेशीही टाकू नयेत, त्या वेगळ्या गोठवाव्यात.